वाचकांचे प्रश्न: बिनदारूची रम पारखायची कशी?

प्रश्न: आमचा तारकर्लीला होमस्टे आहे. मासे खायला येणारे बरेच पाहुणे हल्ली पीत नाहीत, कुणाला गाडी चालवायची असते तर कुणाला गोळ्या चालू असतात, त्यांना आम्ही सोलकढी नाहीतर कोकम सरबत देतो. मुलाने मुंबईहून नॉन-अल्कोहोलिक डार्क रम आणली. ह्यांनी नुसती चाखली आणि म्हणाले खोकल्याचं औषध आहे, मग मुलाने कोलात घालून दिली तर म्हणाले बरी लागते. बाटली स्वस्त नाही, मग घ्यायची की नाही हे ठरवायचं कसं?

उत्तर: ताई, ह्यांचं दोन्ही वेळचं म्हणणं बरोबर आहे. खऱ्या रममध्ये साधारण ४० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असतं (ओल्ड मंकमध्ये ४२.८), आणि ते फक्त चढण्यापुरतं नसतं. मळीचा नि ओकच्या पिंपाचा वास ते नाकापर्यंत आणतं, घोटाला जाडपणा देतं, गोडाला आवर घालतं, घशाला चटका देतं. ते नसलं की हे सगळं कंपनीला दुसरीकडून आणावं लागतं, म्हणजे जाडपणाला ग्लिसरीन नाहीतर झँथन गम, रंगाला कॅरमल आणि चटक्याला आलं, मिरी किंवा मिरचीचा अर्क. मिरचीने तोंडात जी आग जाणवते ती ओळखणारी यंत्रणाच अल्कोहोलनेही जागी होते म्हणून ही युक्ती चालते, फक्त प्रमाण चुकलं की औषध वाटतं.

आता चाखताना बाटली फ्रीजमधली नको, गारठ्यात वास झोपतो. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडीशी ओता आणि आधी वास घ्या. खऱ्या रमला नाक जरा लांब ठेवावं लागतं नाहीतर झोंबतं, इथे खुशाल जवळ न्या. काकवी, करपायच्या बेतात आलेली साखर, पिकलेलं केळं, लवंग, लाकूड यातलं दोन-तीन तरी ओळखू आलं पाहिजे. नुसता व्हॅनिला इसेन्स आला तर मला ती बाटली पटत नाही.

मग घोट तोंडात फिरवा, गिळा आणि लगेच दुसरा घेऊ नका, थांबा. चांगल्या बाटलीत चटका सावकाश घशात उतरतो आणि मागे थोडा कडवटपणा राहतो. वाईट बाटलीत जिभेच्या टोकाला तिखट लागतं, मधे पोकळ, आणि शेवटी ओठांना चिकट गोड उरतं.

यानंतरची परीक्षा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ग्लासात बर्फाचे दोन खडे टाका आणि तो पडवीत पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा, कारण पाहुणे गप्पा मारत सावकाश पितात आणि आपल्या हवेत बर्फ किती टिकतो ते तुम्हाला माहीत आहे. खरी रम पाणी सोसते, यातल्या बऱ्याच मात्र बर्फ वितळला की साखरपाणी होतात. वीस मिनिटांनीही काकवीचा वास येत असेल तर बाटली घ्या. कोलावर मात्र पारख करू नका, त्यात आधीच कॅरमल नि मसाल्याची चव असते, त्यात काहीही खपून जातं. सोडा आणि लिंबू घाला, लपलेलं सगळं बाहेर येतं.

मला विचाराल तर नुसती प्यायला यातली एकही देऊ नका, पाहुणा खऱ्या रमशी तुलना करणार आणि नाराज होणार. सोडा, चमचाभर कोकम आगळ आणि वरून किसलेलं जायफळ असं देऊन बघा. आगळातलं मीठ नि आंबटपणा तो गोडवा कापतो, आणि जायफळ तर कॅरिबियन बेटांवर रम पंचवर किसतातच, आपल्याकडे ते पोफळीच्या बागेत होतं. फक्त पेगचं नेहमीचं माप इथे कमी पडतं, दीडपट घाला.

लेबल वाचाच. १०० मिलीला साखर किती ते बघा, आणि ०.० लिहिलंय की ०.५ तेही. आपल्याकडच्या नियमात ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते अल्कोहोलिक पेय धरतात, म्हणजे त्याखालच्या बाटलीत किंचित अल्कोहोल असू शकतं. गरोदर बाई, धर्माने न पिणारे, गोळ्या चालू असलेले, यांना हे आधी सांगायलाच हवं. उघडल्यावर बाटली फ्रीजमध्येच ठेवा, ही रमसारखी कपाटात वर्षभर राहत नाही. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा आणि पावसात लाईट जास्त वेळ गेली तर पुन्हा वास घेऊनच वापरा.

प्रश्न: नवऱ्याने दारू सोडलीय, ही आणून दिली तर चालेल का? (देवगड)

उत्तर: सरप्राइज म्हणून अजिबात नको. अल्कोहोल नसलं तरी वास, रंग, ग्लास सगळं तेच असतं आणि काहींची तल्लफ त्यानेच उठते, काहींना मात्र आधार होतो. त्यांनाच मोकळेपणाने विचारा, त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

प्रश्न: घरी काही जमेल का? (गुहागर)

उत्तर: जमेल. पिंपाचा तुरटपणा काळ्या चहातून येतो म्हणून चहा कडक करा, त्यात काकवी, दालचिनी, दोन लवंगा, ठेचलेली मिरी आणि आल्याचा तुकडा घालून मंद उकळा, गाळा, गार करा. काकवी आधी कमीच घाला, नंतर वाढवता येते. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.