कफाच्या आधी सिलिया

प्रिय डॉक्टरीणबाई,

ताप पाचव्या दिवशी उतरला, एक्स-रे स्वच्छ, तरी तिसऱ्या आठवड्यात पेशंट खोकतोय आणि तू अँटिबायोटिक बदलायला निघालीस. थांब. आधी सिलियांचा, म्हणजे श्वासमार्गाच्या पेशींवरच्या हलत्या सूक्ष्म केसांचा, विचार कर.

एकेका पेशीवर साधारण 200 सिलिया सेकंदाला दहा-पंधरा फटके मारत कफ घशाकडे ढकलतात. विषाणू नेमके याच पेशींत शिरतात. कोविडमध्ये सिलियाच नाहीशा होतात. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या संसर्गात पेशी फुगून गळतात आणि बारीक नळ्यांत बुचासारख्या अडकतात. तान्ह्या बाळांना धाप लागते ती त्यामुळे. त्यात कफ बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी जादा म्युसिन, म्हणजे कफाचं चिकट प्रथिन, ओततात, मेलेल्या न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) डीएनए चिकटपणा वाढवतो. असा दाट कफ सिलियांभोवतालचं पाणी शोषून त्यांनाच खाली दाबतो. आणि तू विचारतेस, कफ हिरवा का? अगं, तो रंग न्यूट्रोफिलमधल्या एन्झाइमचा. त्यावरून जंतुसंसर्ग ठरवू नकोस!

साध्या सर्दीनंतरही मुलांच्या नाकातल्या सिलियांत 2 ते 10 आठवडे दोष राहतात. म्हणून म्हणते, आधी सिलिया.

शंका असेल तर सॅकरिन चाचणी कर: नाकात ठेवलेला गोड कण सिलिया घशापर्यंत किती वेळात नेतात ते बघायचं. नाकातल्या खालच्या टर्बिनेटच्या (बाजूच्या भिंतीवरच्या उंचवट्याच्या) पुढच्या टोकामागे 1 सेंमीवर 1 मिमीचा कण ठेव. फार पुढे ठेवलास तर तिथे सिलियाच नसतात, कण हलणार नाही. शिंकणं, हुंगणं, खाणं-पिणं बंद. गोड चव साधारण 20 मिनिटांत यावी. तासभर आलीच नाही तर सॅकरिन जिभेवर ठेवून बघ. चवच गेलेली असू शकते. चाचणी नाकाची आहे, फुप्फुसाची नव्हे, हे विसरू नकोस.

सिलिया बंद असताना कफ काढायला खोकलाच उरतो. ओल्या खोकल्यावर खोकला दाबणारं कोडीन लिहू नकोस. हफिंग, म्हणजे जोरात श्वास सोडून कफ वर आणणं, शिकव: मध्यम श्वास, तोंड उघडं, आरशावर वाफ सोडतो तसा जोरात ‘हाऽऽ’, दोनदा, मग एक खोकला.

सगळं सिलियांवर ढकलते म्हणून वॉर्डात माझी थट्टा होते. होऊ दे. पण उतरलेला ताप परत चढला किंवा श्वासाची गती वाढली, तर न्यूमोनिया शोध, तिथे माझा हट्ट चालवू नकोस. आणि दोन आठवड्यांवरचा खोकला आपल्याकडे टीबीच्या तपासणीशिवाय सोडायचा नाही. आजच थुंकी पाठव. निकाल येईपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊ नकोस, त्याने टीबी झाकला जातो.