व्हिसावर ट्रेड कोणता लिहिलाय?

प्रश्न : काका, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. दहावीनंतर गोरव्याच्या आयटीआयमधून वेल्डर झाला. गेली तीन वर्षं ठेकेदाराकडे कोयली रिफायनरीत शटडाउनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीची, कामं करतो. सिक्स-जी पास आहे. एक एजंट त्याला अबुधाबीला पाठवायचे १ लाख ६० हजार मागतोय. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा. कागदावर हेल्पर लिहिलंय, पण तिथे पोचलास की वेल्डर करून देतील,’ असं म्हणतो. मी पाटल्या मोडायला काढल्या आहेत. पाठवू का?
– एक आई, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : ताई, मुलाला जाऊ द्या, पण या कागदावर नको.

सिक्स-जी ही वेल्डिंगची परीक्षा म्हणजे ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप. तो जागचा हलवायचा नाही, फिरवायचा नाही. वेल्डरनंच त्याच्याभोवती वाकून, कधी खाली आडवं होऊन सांधा पुरा करायचा. मग एक्स-रे निघतो आणि आत पोकळी दिसली की सांधा कापून पुन्हा पहिल्यापासून. असा हात बसायला वर्षं जातात. तो हेल्परच्या भावात जाऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

मी स्वतः तसा गेलो होतो. १९८६ साली, कुवेतला. इथे ट्रेड टेस्ट वेल्डरची दिली, पण व्हिसा अरबीत होता आणि मला वाचता येत नव्हता. तिथे एका मल्याळी फोरमननं वाचून सांगितलं, ‘इथे आमिल लिहिलंय.’ आमिल म्हणजे कामगार. सव्वा वर्ष मी पाइप जोडत होतो आणि पगार सामान उचलणाऱ्याचा घेत होतो. तक्रार केली, तर समोरून तोच कागद दाखवायचे.

पुढे वेल्डरचा करार झाला, पण त्याची प्रत मी कंपनीच्या ऑफिसातच ठेवली. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज शहरात शिरली. बसनं बगदाद, तिथून जॉर्डनच्या सीमेवरची छावणी, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या वेळी आपली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी परत आली. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे भरपाईचे अर्ज भरले, तेव्हा देश सोडावा लागल्याची ठरावीक रक्कम मला मिळाली. अडकलेला पगार दाखवायला मात्र हातात काहीच नव्हतं. म्हणून म्हणतो, कराराची एक प्रत तुमच्या कपाटात राहू द्या.

आता एजंटचं. आपल्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. त्याचा परवाना खरा आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. मुलाला आज रात्रीच बघायला सांगा. शिवाय अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पकडला गेला तर तुमचा मुलगा अडकेल, एजंट इथे मोकळा फिरेल.

आणखी एक. मुलगा दहावी पास असल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी’ असा शेरा, नसणार. म्हणजे जाण्याआधी त्याचा करार सरकारी कचेरीत तपासला जाणार नाही. दहावी न झालेल्याचा तपासतात. ते काम तुम्हालाच घरी बसून करावं लागेल.

अमिरातीतल्या नोकरीची लेखी ऑफर हिंदीतही मिळते, ती मागा. तिच्यात ‘पाइप वेल्डर’ हे शब्द हवेत. मग मूळ पगाराचा आकडा बघा. एजंट राहणं, जेवण, ओव्हरटाइम सगळं मिळवून मोठा आकडा सांगतात, पण ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर निघतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही त्यावरच, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार बारीक लिहिला असेल, तर पुढचं सगळंच बारीक.

तशी ऑफर आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा हातात आला, तर बिनघोर पाठवा. तिथे चांगलं काम शिकायला मिळतं. मी जे शिकलो, त्यावर मकरपुऱ्यात वीस वर्षं पोरं तयार केली. तोवर त्याला कोयलीचं काम सोडू देऊ नका, आणि पाटल्या परत हातात घाला.