लागूंनी डॉक्टरकी सोडली, पण कधी?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि आता पदवी अर्धवट सोडून मुंबई गाठायची, असं तिनं ठरवलंय. मुंबईतल्या एका संस्थेनं तीन महिन्यांच्या कोर्ससाठी १ लाख ८० हजार रुपये मागितलेत, 'मालिकेत भूमिकेची हमी' देऊन. घरात विषय निघाला की ती म्हणते, "डॉ. श्रीराम लागूंनी तर डॉक्टरकी सोडली होती." वडिलांचे प्रश्न दोन: पैसे भरू का, आणि यात पोट भरतं का?

नमस्कार,

पैसे भरू नका. भूमिकेची हमी कुठलीच संस्था देऊ शकत नाही, कारण भूमिका कोणाला द्यायची हे निर्माता, दिग्दर्शक आणि वाहिनी मिळून ठरवतात. कास्टिंग करणाऱ्याची फी निर्माता देतो. नटाकडून पैसे मागितले की तिथेच थांबायचं. 'नोंदणी', 'कार्ड', 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ' ही त्याच मागणीची दुसरी नावं. सगळे खासगी वर्ग फसवे असतात असं मात्र नाही. पारखायचं असेल तर विचारा: शिकवणार कोण, एका तुकडीत किती मुलं, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष किती तास, आणि केलेलं काम पडद्यावर दाखवून चुका सांगतात का. चाळीस जणांच्या तुकडीत एकेकाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम पाच-दहा मिनिटं येतात.

आता लागूंचं. मुलीनं उदाहरण चांगलं निवडलंय, पण अर्धंच सांगितलंय. लागूंचा जन्म १९२७चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना ते नाटकात आले. पुढे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले, परदेशात जाऊन शिकले, आफ्रिकेतही त्यांनी डॉक्टरकी केली. आणि या सगळ्या काळात, भारतात असतील तेव्हा, पुण्यात भालबा केळकरांच्या बरोबरीनं उभ्या केलेल्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेतून आणि मुंबईत रंगायन या संस्थेतून नाटक चालूच होतं. पूर्णवेळ नट झाले ते १९६९मध्ये, चाळिशी उलटल्यावर. १९७०मध्ये 'नटसम्राट' आलं आणि 'पिंजरा' १९७२मध्ये. म्हणजे व्यवसाय सोडण्याआधी जवळजवळ दोन दशकांच्या तालमी झालेल्या होत्या, आणि उडी फसली असती तर हाताशी पदवी होती. प्रशांत दामलेही सुरुवातीची वर्षं बेस्टमधली नोकरी सांभाळूनच नाटकं करत होते. लागूंनी काय सोडलं हे तिला पाठ आहे. सोडायच्या आधी त्यांनी काय कमावून ठेवलं होतं, तेही तिला वाचायला सांगा.

दुसरी बाब अगदी कोरडी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा, दोन्हीकडे पदवी लागते. विषय कुठलाही चालतो; बी.कॉम.नं काही बिघडत नाही. नाट्य विद्यालय तर आधी केलेल्या नाटकांचे दाखलेही मागतं. तेव्हा आजपासून प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र, पत्रिका आणि फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगा. सात-आठ नाटकं केलेली असूनही कागद नाहीत म्हणून अडलेली मुलं दरवर्षी दिसतात. जवळचे पर्याय म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिनातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. विद्यापीठाची फी सहसा त्या १ लाख ८० हजारांपेक्षा पुष्कळ कमी असते. प्रवेशाच्या अटी आणि तारखा मात्र त्या-त्या वर्षीच्या सूचनेतूनच बघा, कोणाच्या सांगण्यावरून नको.

पदवी हाती येईपर्यंतचं दीड वर्ष वाया जातंय असं तिला वाटत असेल. खरं तर हीच वर्षं स्वस्तात शिकायची आहेत. पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कॉलेजात असेपर्यंतच उतरता येतं, तेव्हा तुमच्या भागातल्या ज्या स्पर्धा तिच्या कॉलेजला खुल्या असतील त्या तिनं सोडू नयेत. सोलापुरात हौशी संस्था आहेत, राज्य नाट्य स्पर्धेला नाटकं उतरवतात. तिथं तिनं दोन अंकी नाटकात छोटी का होईना भूमिका घ्यावी आणि उरलेल्या वेळात प्रॉम्प्टिंग, नेपथ्य, रंगभूषा जे पडेल ते करावं. एकांकिकेतलं बक्षीस म्हणजे एका रात्रीची ताकद. व्यावसायिक नाटकात महिना-सव्वा महिना तालीम होते आणि मग तीच भूमिका पन्नास, शंभर, दोनशे वेळा करायची असते: रविवारी दुपारी एक, रात्री दुसरा प्रयोग, मध्ये बसचा प्रवास. शंभराव्या प्रयोगाला समोरच्या नटाचं वाक्य खरंच ऐकू आलं पाहिजे. बहुतेक नवे नट इथे ढेपाळतात.

आवाजाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि नवा नट श्वास संपल्यामुळे नेमकं तेच गिळतो. 'मी त्याला घरी येऊ' एवढं शेवटच्या रांगेला पोचतं, 'दिलं नाही' हरवतं. सगळा अर्थच उलटा होतो. उपाय कंटाळवाणा आहे. रोज वीस मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं खूण करायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि फक्त वाक्यांचे शेवट तपासायचे. चहाच्या 'च'पेक्षा चमच्याचा 'च' वेगळा लागला पाहिजे, 'ण' आणि 'ळ' स्वच्छ हवेत. पण बार्शीची बोली पुसून टाकू नका! प्रमाण भाषा कमवायची आणि बोली राखायची. आज ग्रामीण कथानकांच्या मालिकांना खरी बोली येणारे नट लागतात, आणि नक्कल लगेच कळते. आकाशवाणीची नाट्य-स्वरपरीक्षा द्यावी, पुढे डबिंग आणि ऑडिओबुकची कामंही याच आवाजावर मिळतात. काम नसलेल्या महिन्यांत याचाच आधार होतो.

पडद्यासाठी वेगळी सवय लागते. नाटकातून आलेल्या मुलांच्या चुका ठरलेल्या: आवाज गरजेपेक्षा मोठा, पापण्यांची फडफड, नजर भिरभिरती. शिवाय कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्या शॉटशी जुळणं. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, 'पाणी' या शब्दावर ग्लास उचलला असेल, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर, त्याच हातानं. हे जमलं नाही तर संकलनात तुमचा चांगला शॉट कापला जातो.

ऑडिशन आता बहुतेक घरूनच रेकॉर्ड करून मागवतात, त्यासाठी मुंबईत राहण्याची गरज नाही. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. पाठीमागे साधी भिंत, उजेड समोरून. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा येतो. फ्रेम छातीपासून वर. आधी नाव, वय, उंची, गाव, भाषा सांगायची, दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवायचा, मग प्रसंग. समोरच्याची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा राहावा आणि त्यानं हळू वाचावं, नाहीतर ऑडिशन त्याचीच होते. फोटो चार पुरे: चेहरा, अर्धा, पूर्ण, एका बाजूचा. फिल्टर नको, जड मेकअप नको. फोटोतली मुलगी दारात आली पाहिजे. ऑडिशनला प्रत्यक्ष बोलावलं तर निर्मिती संस्थेचं नाव आणि पत्ता लेखी घ्या, त्यांच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकटीला, असं असेल तर जायचं नाही. त्यात काही संधी हुकत नाही.

पोट भरतं का? काहींचं उत्तम भरतं, पुष्कळांचं अधूनमधून. नाटकात पैसे प्रयोगागणिक मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. तालमीच्या महिन्यात सहसा काही हाती येत नाही, आणि नाटक दहा प्रयोगांत बंद पडलं तर दहाच नाइट. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं आणि दिवस साधारण बारा तासांचा. पण बिलाचे पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात. जुलैत चित्रीकरण केलं, महिनाअखेरीला बिल दिलं, तर पैसे ऑक्टोबरच्या शेवटाला. म्हणजे काम मिळाल्यानंतरसुद्धा चार महिने घरभाडं, पास आणि जेवण खिशातून. शोधाशोधीचे सहा धरले तर दहा महिन्यांचा खर्च जमल्याशिवाय मुंबईला हलू नये. तुमच्याकडे १ लाख ८० हजार असतील तर ते इथे लावा.

करारपत्र आलं की चार गोष्टी बघायच्या: महिन्याला किमान किती दिवस काम, पैसे किती दिवसांत, नाटकाच्या तारखांना सुट्टी मिळणार का, आणि सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस. तिसरी बाब लेखी नसली की नाटकवाले आणि मालिकावाले दोघेही तिच्यावर रागावणार, हे ठरलेलं. वर्षाची बिलं मर्यादेपुढे गेली की निर्माता १० टक्के करकपात करतो, ५०,००० च्या बिलाचे ४५,००० हातात येतात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले परत मिळतात. अनेक नवे नट ते भरतच नाहीत. हिशेब तिचा तिलाच ठेवू द्या, बी.कॉम.चा तेवढा उपयोग लगेच होईल. पॅन कार्ड आणि तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं नसेल तर याच महिन्यात काढा, म्हणजे पहिलं बिल तिच्या नावानं जाईल.