चौऱ्याण्णव सेंटिमीटरांचा मंगळवार

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेने ‘विद्यार्थिजीवनातील अविस्मरणीय दिवस’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि स्वतःचा तसा एकही दिवस आठवत नाही म्हणून तो माझा दिवस मागतो आहे. २६ जुलै २००५ रोजी मी अकरावीत होते. गाड्या बंद पडल्यामुळे माटुंग्याच्या कॉलेजातून कुर्ल्याच्या नेहरूनगरला चालत निघाले, शीवला पाणी वाढल्यावर एका अनोळखी काकूंनी रात्रभर घरी ठेवून घेतले आणि मी दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. हे मुलाला सांगत असताना माझे थोरले दीर म्हणाले की, ते तेव्हा कुलाब्यात नोकरीला होते, तिथे नेहमीसारखाच पाऊस होता आणि उपनगरातली माणसे ही गोष्ट दरवर्षी थोडी वाढवून सांगतात. माझी आठवण खरोखरच फुगली असेल का? आणि मुलाने माझा दिवस स्वतःचा म्हणून लिहिला तर चालेल का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : तुमची आठवण फुगलेली नाही आणि तुमचे दीरही खोटे बोलत नाहीत. २६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेला तो केवळ ७३ मिलिमीटर. या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. कुलाब्यातल्या माणसाने खिडकीतून पाहिलेला पाऊस आणि तुम्ही शीवच्या रस्त्यावर अंगावर घेतलेला पाऊस एकाच तारखेचा असला, तरी तो एक पाऊस नव्हताच. मुलाला संदर्भ शोधताना काही नोंदींमध्ये हाच आकडा २७ जुलैपुढे लिहिलेला दिसेल, त्याने गोंधळू नये. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजमाप ज्या दिवशी घेतले, त्या दिवसाच्या नावावर ते लिहिले जाते.

९४४ हा आकडा मुलाला नुसता पाठ करायला लावू नका. घरातल्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरांवर पेन्सिलीने एक रेघ ओढा आणि त्याला शेजारी उभे करा. सातवीतल्या मुलाच्या ती कमरेच्या आसपास येईल. आभाळातून पडलेले पाणी कुठेही न वाहता, न मुरता जागच्या जागी राहिले असते, तर सांताक्रूझमध्ये एका दिवसात ते इतके साठले असते. सांताक्रूझला एरवी साऱ्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, त्याहून हा अधिक होता. प्रत्यक्षात उंचावरचे पाणी सखल भागाकडे धावते, म्हणून कुर्ला, कलिना, शीव अशा ठिकाणी लोकांनी छातीपर्यंत, गळ्यापर्यंत पाणी पाहिले. तुमच्या दिरांना आता कदाचित पटेल की, या गोष्टीत वाढवून सांगण्यासारखे फारसे काही उरलेलेच नव्हते.

पाणी का तुंबले, हेही निबंधात चार ओळींत यावे असे मला वाटते, कारण त्यावाचून ती नुसती ‘निसर्गाच्या कोपाची’ कहाणी होते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकी होती, तीही समुद्राला ओहोटी असेल तेव्हा. त्या दुपारी पाऊस त्याच्या कितीतरी पट वेगाने कोसळत होता आणि त्यातच भरती आली होती. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून वाहू लागणारी आणि विमानतळ, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी भराव, बांधकामे आणि कचरा यांनी इतकी आवळली गेली होती की, अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि नदीच्या रुंदीची, खोलीची, काठावरच्या अतिक्रमणांची चर्चा सुरू झाली. ती चर्चा मोठ्या माणसांची आहे. मुलाने एवढेच लिहावे की, आई ज्या पाण्यातून चालली, त्या पाण्याला जायला वाट ठेवलेली नव्हती.

त्या मंगळवारी मी घाटकोपरच्या एका शाळेत दुपारच्या अधिवेशनाच्या आठवीच्या वर्गावर होतो. संध्याकाळपर्यंत काही मुलांना पालक येऊन घेऊन गेले आणि चौतीस मुले आमच्याकडे राहिली. वीज गेली होती, फोन लागत नव्हते. आजच्या मुलाला हे मुद्दाम समजावून सांगावे लागेल की, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातात मोबाइल क्वचितच असे आणि ज्यांच्याकडे होता, त्यांचाही लागत नव्हता. आपले मूल कुठे आहे, हे हजारो घरांना सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. शिपाईदादांनी कुठूनतरी पार्ले-जीचे पुडे आणले. वाटणीला प्रत्येकाच्या हातावर तीन-तीन बिस्किटे आली. एका मुलाने दोन खाल्ली आणि तिसरे रुमालात बांधून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवले. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘सर, छोटी सकाळच्या शाळेत असते. ती घरी पोहोचली असेल ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पहाटे त्याचे वडील मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले आले आणि पायरीवरूनच ओरडले की छोटी घरी आहे. त्याने आधी रुमाल सोडला. बिस्किटाचा भुगा झाला होता, तो त्याने तसाच पुन्हा बांधून घेतला. इतक्या वर्षांनंतर मला त्या रात्रीचे पाणी अंधुक आठवते, पण तो रुमाल निळ्या चौकड्यांचा होता हे नेमके आठवते.

हे सांगण्याचे कारण असे की, मुलाला तुमच्याकडून असाच ऐवज मिळायला हवा. त्याने तुम्हाला ‘काय वाटले?’ असे विचारू नये. चपला हातात घेतल्या होत्या की पायातच होत्या, पुस्तकांचे काय झाले, उघड्या गटाराच्या भीतीने पुढच्या माणसाचा हात धरला होता का आणि तो माणूस कोण होता, काकूंनी अंगावर घालायला कोणते कपडे दिले, चहा कपात दिला की पेल्यात, त्यांच्या घरी अजून किती अनोळखी माणसे झोपली होती, असे विचारावे. त्या रात्री शीवपासून अंधेरीपर्यंत कितीतरी घरांची दारे रस्त्यावरच्या माणसांसाठी उघडली गेली आणि बेस्टच्या बसमध्ये अडकलेल्यांना खिडकीतून खायला दिले गेले. मुंबईकर या गोष्टीचा अभिमान बाळगतात आणि तो रास्त आहे. पण तेवढेच लिहून थांबू नये. त्या पावसाने महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे नेली. साकीनाक्याला दरड कोसळून वस्ती गाडली गेली, काही जण बंद मोटारींत गुदमरले. ज्या घरातला माणूस परतला नाही, त्या घरातले मूलही कदाचित तुमच्या मुलाच्याच शाळेत असेल, हे मनात ठेवून लिहिले की ‘थरारक’, ‘रोमांचक’ असली विशेषणे आपोआप गळतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आईचा दिवस स्वतःचा म्हणून लिहू नये. तो २००५ साली जन्मलाही नव्हता, म्हणजे पहिल्याच वाक्यात त्याला खोटे बोलावे लागेल आणि मग पुढचे खरे असूनही खोटे वाटू लागेल. पण विषय नीट वाचा: त्यात ‘माझ्या’ हा शब्द नाही. तुम्हीही तेव्हा विद्यार्थिनीच होतात. त्याने सरळ ‘माझी आई अकरावीत असताना’ अशी सुरुवात करावी. जमल्यास एखाद्या रविवारी दोघांनी शीवहून नेहरूनगरपर्यंत चालत जावे, पाणी कुठपर्यंत होते ते तुम्ही हाताने दाखवावे आणि काकूंची इमारत अजून उभी असेल, तर जिना चढून दार वाजवावे. वीस वर्षांनी आभार मानायला उशीर झालेला नसतो.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. आम्हालाही हाच विषय आहे. माझ्या आयुष्यात पूर, अपघात, बक्षीस असे काहीच घडलेले नाही. आमची भायखळ्याची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माझी मैत्रीण बदलापूरला राहायला गेली, तिचा शाळेतला शेवटचा दिवस तेवढा आठवतो. त्यात थोडी कल्पना घालून वाढवू का? – एक विद्यार्थिनी, भायखळा

उत्तर : काहीही वाढवू नकोस. परीक्षकांच्या पुढ्यात स्टेशनवर सापडलेले पाकीट परत केल्याचे आणि बुडणाऱ्या मुलाला वाचवल्याचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. मी तीस वर्षे ते तपासले आहेत आणि त्यांतला एकही आज आठवत नाही. बदलापूरची लोकल भायखळ्याहून सुटल्यावर किती वेळ लागतो, हे तू आतापर्यंत नक्कीच पाहून ठेवले असशील, ते लिही. ती कोणत्या बाकावर बसायची, दुसऱ्या दिवशी तिथे कोण बसले आणि हजेरी घेताना बाईंनी सवयीने तिचे नाव घेतले, तेव्हा वर्गात कोणी ‘हजर’ म्हणाले का, तेही लिही.