कोडे-संवाद: हवाई नौकेचे कोठार

मागील अंकात या सदरात पुठ्ठ्याचा एक खेळ दिला होता. हवाई नौकेच्या पोटात मोजक्या घरांचे कोठार आहे आणि त्यात पाच पेट्या रचायच्या आहेत. प्रत्येक पेटी चार घरांची आहे, पण आकार निराळे आहेत: चारही घरे एका ओळीत असलेली सरळ, दोन बाय दोनची चौकोनी, तीन घरांच्या टोकाला चौथे घर वळवलेली काटकोनी, दोन-दोन घरांच्या जोड्या एका घराने सरकवून जोडलेली नागमोडी, आणि तीन घरांच्या मधल्या घराला चौथे घर चिकटलेली तिठा. पेट्या फिरवता येतात, उलटवताही येतात. पहिल्या भागात कोठार ४ × ५ घरांचे होते, तर दुसऱ्या भागात ३ × ७ घरांचे. डावे टोक म्हणजे नौकेचे नाक, उजवे टोक म्हणजे शेपूट, आणि दार शेपटाकडे. पत्रे पुष्कळ आली, त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: मी आणि माझा नातू तीन संध्याकाळ ४ × ५ च्या कोठारापुढे बसून आहोत. घरे वीस आहेत आणि पाच पेट्यांची घरेही वीसच होतात, तरी दर वेळी एक पेटी बाहेर राहते. नातू म्हणतो, आजी, तुला जमत नाही. खरोखर आमचेच चुकते आहे का? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: आजी, आपले काहीही चुकलेले नाही. ‘पाचही पेट्या बसतील का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते नातवाला पाच मिनिटांत पटवून देता येईल. कोठाराच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरे काळी करा. दहा काळी होतील, दहा पांढरी राहतील. आता सरळ पेटी कोठेही ठेवून पाहा, तिच्याखाली दोन काळी आणि दोन पांढरी घरेच झाकली जातात. चौकोनी, काटकोनी आणि नागमोडी पेटीचेही तसेच आहे. तिठा पेटी मात्र निराळी आहे. तिचे मधले घर काळ्यावर आले की उरलेली तिन्ही पांढऱ्यावर येतात, आणि पांढऱ्यावर आले की तिन्ही काळ्यावर. म्हणजे पाचही पेट्या मिळून एका रंगाची अकरा आणि दुसऱ्या रंगाची नऊ घरे झाकणार, आणि कोठारात तर दहा-दहा आहेत. तीन संध्याकाळच काय, तीन वर्षे बसलात तरी पाचवी पेटी आत जायची नाही.

चौकटी जोडून केलेल्या अशा आकारांचा गणिती अभ्यास सॉलोमन गोलोम्ब या अमेरिकी गणितज्ञाने १९५३ पासून पुढे नेला. रंगांची ही युक्ती मला त्या साऱ्या अभ्यासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण एकही पेटी न हलवता ती हजारो मांडण्या एकदम बाद करते. नातवाने स्वतःच्या हाताने घरे रंगवावीत, आपण सांगून पटवण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न: मी सातवीत आहे. ३ × ७ च्या कोठारात मी पाचही पेट्या बसवल्या आणि एक घर रिकामे राहिले. माझी मांडणी सोबत पाठवते आहे. रिकामे घर कोपऱ्यात आणायचा मी खूप प्रयत्न केला, पण ते कोपऱ्यात येतच नाही. असे का? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: तुझी मांडणी अगदी बरोबर आहे, शाबास. इतर वाचकांसाठी ती येथे देतो. प्रत्येक पेटीच्या नावाचे पहिले अक्षर घेतले आहे आणि शून्य म्हणजे रिकामे घर.

चौ चौ का का का ० ति
चौ चौ का ना ना ति ति
स स स स ना ना ति

आता महालच्या आजींना सांगितलेली युक्ती तूही वापर. चारही कोपरे काळे येतील अशा रीतीने घरे रंगवलीस, तर एकवीसपैकी अकरा काळी आणि दहा पांढरी होतात. पेट्यांना एका रंगाची अकरा घरे लागतात, आणि अकरा घरे फक्त काळ्या रंगाचीच आहेत. म्हणून काळी सगळी भरतात आणि रिकामे राहते ते नेहमी पांढरे घर. कोपरे काळे आहेत, तेव्हा ते कधीच रिकामे राहणार नाहीत. कोठाराच्या बरोबर मध्यावरचे घरही काळेच आहे, तेही राहणार नाही.

पण तुझ्या मांडणीत एक उणीव आहे, आणि ती हवाई नौकेतच उणीव ठरते. प्रत्येक भरलेल्या घराचे वजन एक माप धर आणि मधल्या, म्हणजे चौथ्या, उभ्या रांगेपासून ते घर किती घरे दूर आहे त्या अंतराने वजनाला गूण. बागेतल्या सी-सॉवर बारीक मूल टोकाला आणि जाडे मूल मध्याजवळ बसले की फळी समतोल राहते, तोच हा हिशेब. तुझे रिकामे घर मध्यापासून शेपटाकडे दोन घरांवर आहे, त्यामुळे शेपटाकडे दोन मापे कमी पडतात आणि नौका नाकाकडे झुकते. रिकामे घर चौथ्या रांगेत आणता आले तर झुकाव शून्य होईल, आणि ते आणता येते:

ति ना ना ० चौ चौ का
ति ति ना ना चौ चौ का
ति स स स स का का

ही मांडणी हाताशी ठेव, खाली पुन्हा लागणार आहे.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. खेळात समतोलाचा नियम गंमत म्हणून ठीक आहे, पण दोनशे मीटरांहून लांब असलेल्या नौकेला एक-दोन पेट्यांनी खरोखर फरक पडत असेल का? (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: फरक पडत असे, आणि तो पेट्यांनीच नव्हे तर माणसांनीही पडत असे. ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन हवाई नौका २४५ मीटर लांब होती आणि तिच्यात सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन मावत असे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना ती शेपटाकडे जड झाली होती. आधी शेपटाकडचे पाणी सोडून पाहिले गेले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा सहा माणसांना नाकाकडे पाठवण्यात आले. त्यानंतर थोड्याच वेळात नौकेने पेट घेतला, तो विषय वेगळा. आपल्या प्रश्नापुरते एवढे पुरे की दोन लाख घनमीटरांची नौका सरळ करण्यासाठी माणसांना हलवावे लागले.

याचे कारण साधे आहे. विमान पंखांच्या जोरावर उडते, तर हवाई नौका तरंगते. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो वजन उचलतो, आणि नौका, इंधन, माणसे व माल यांचे एकूण वजन त्या उचलीइतकेच ठेवावे लागते. म्हणून अवाढव्य आकार असूनही आत जागेची आणि वजनाची चणचण असे. हिंडेनबर्गमधील प्रवाशाची खोली जेमतेम दोन मीटर लांब आणि सुमारे १.७ मीटर रुंद होती आणि पलंग एकावर एक होते. १९३६ मध्ये तिच्यात पियानो ठेवला, तोही वजन वाचवण्यासाठी मुख्यतः अॅल्युमिनियमचा बनवून घेतला होता.

आणखी एक अडचण अशी की प्रवासात वजन एकसारखे राहत नाही. डिझेल जळत जाते, नौका हलकी होते आणि वर जाऊ लागते, मग तिला खाली ठेवण्यासाठी वायू सोडून द्यावा लागतो. १९२९ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ने यावर फार हुशारीचा तोडगा काढला होता. तिचे मुख्य इंधन हवेइतक्याच वजनाचा वायू होते, त्यामुळे ते जळाले तरी त्या जागी हवा येई आणि वजन जवळजवळ तेवढेच राही. अमेरिकेच्या ‘अक्रॉन’ने हेलियम वाया जाऊ नये म्हणून इंजिनाच्या धुरातील वाफेचे पाणी करून ते साठवले.

आपल्या गावाचाच हिशेब करून पाहा. पारा १५ अंशांवर असलेल्या डिसेंबरच्या पहाटेच्या मानाने मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी नागपूरची हवा, दाब तोच धरला तर, सुमारे नऊ टक्के विरळ असते. वायूच्या थैल्या काठोकाठ भरलेल्या असतील तर उचलही जवळपास तेवढीच घटते. म्हणजे हिवाळ्यात शंभर टन उचलणारी नौका उन्हाळ्यात नऊ टन खालीच ठेवून निघेल. खेळाच्या पुढच्या आवृत्तीत ऋतूप्रमाणे पेट्या कमी-जास्त करण्याचा नियम घालावा, असे मला हा हिशेब करतानाच सुचले.

प्रश्न: यापेक्षा मोठे कोठार घरी करून खेळायचे आहे. कोणते घ्यावे? (एक वाचक, हिंगणा मार्ग, नागपूर)

उत्तर: पाच-पाच घरांचे एकूण बारा आकार होतात, त्यांची साठ घरे ६ × १० च्या कोठारात बसवा. अशा २,३३९ मांडण्या आहेत, ही संख्या १९६० मध्ये संगणकाने मोजली गेली. तेच बारा आकार ३ × २० मध्ये बसवायचे ठरवले, तर मात्र दोनच मांडण्या आहेत. सुरुवात ६ × १० पासून करावी.

प्रश्न: माझा इतवारीत माल वाहतुकीचा व्यवसाय आहे. आम्ही हौद्यात माल भरताना गोंदियाचा आधी, साकोलीचा त्यानंतर आणि भंडाऱ्याचा सर्वांत शेवटी, दाराशी भरतो, कारण भंडारा आधी येते. आपल्या खेळात सगळ्या पेट्या बसल्या की खेळ संपतो. उतरवायचे कसे, याचा विचारच नाही. (एक वाचक, इतवारी, नागपूर)

उत्तर: आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि आलेल्या सर्व पत्रांत हे पत्र मोलाचे वाटले. नागपूरकरांना हा प्रश्न जुना आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विमाने रात्री नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि माघारी जात. तेथे गावागावाच्या थैल्या हाताशी येतील अशाच ठेवाव्या लागणार.

आपला नियम वरच्या समतोल मांडणीला लावून पाहू. पेटी सरळ रेषेत शेपटाच्या दाराकडे सरकवूनच बाहेर काढायची, उचलायची नाही. सर्वांत आधी फक्त काटकोनी पेटी निघते. त्यानंतर चौकोनी किंवा सरळ, कोणतीही. नागमोडी निघण्यासाठी चौकोनी आधी निघालेली हवी, आणि तिठा पेटी नेहमी शेवटी. म्हणजे भंडाऱ्याचा माल काटकोनी पेटीत आणि गोंदियाचा तिठा पेटीत असेल तरच ही मांडणी उपयोगाची आहे.

पण ट्रकला नसलेली एक अडचण नौकेला येथे येते. काटकोनी पेटीची तीन घरे मध्यापासून तीन घरांवर आणि एक घर दोन घरांवर होते. ती उतरली की शेपटाकडची अकरा मापे एकदम जातात आणि नौकेचे नाक खाली जाते. तेव्हा दार लावण्यापूर्वी उरलेला माल सरकवायला हवा. चौकोनी पेटी एक घर शेपटाकडे सरकवली की चार मापे परत मिळतात, सरळ पेटी दोन घरे सरकवली की आठ. अकराच्या जागी बारा झाली, म्हणजे आता शेपूट एका मापाने जड आहे:

ति ना ना ० ० चौ चौ
ति ति ना ना ० चौ चौ
ति ० ० स स स स

पेट्या नाक-शेपटाच्या दिशेने सरकवून हे एक माप घालवता येत नाही, कारण चार घरांची पेटी एक घर सरकली की फरक चाराच्या पटीतच पडतो. खऱ्या नौका अशा वेळी पाण्याचा उपयोग करीत. तिसऱ्या ओळीत दोन घरे रिकामी आहेत. त्यांतल्या मध्याजवळच्या, म्हणजे तिसऱ्या उभ्या रांगेतल्या, घरात एका मापाची पाण्याची पिशवी ठेवली की झुकाव शून्य होतो आणि नौका साकोलीकडे निघू शकते.