'विमुक्त' म्हणजे कशातून मुक्त?

प्रश्न : माझ्या मुलाच्या दाखल्यावर 'विजा-अ' आहे, शेजारच्या मुलाच्या 'भज-ब'. लोक मात्र सरसकट 'भटके-विमुक्त' म्हणतात. दोन्ही एकच का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : एकच नव्हेत. 'विजा' म्हणजे विमुक्त जाती आणि 'भज' म्हणजे भटक्या जमाती. 'भटके' हे नाव पोट भरण्याच्या रीतीवरून पडले. नंदीवाले, वैदू, गावोगाव विळे-कोयते घडवून देणारे घिसाडी. एका गावात त्यांना वर्षभर पुरेल एवढे काम नसते, म्हणून बिऱ्हाड पुढच्या गावी जाते. तुमच्या शेजाऱ्यांचा 'ब' तो हा.

'विमुक्त' हे नाव मात्र कायद्यामुळे आले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. गुन्हा कुणी केला हे पाहायचे नाही. अख्खी जमातच नोंदवहीत. बोटांचे ठसे, हजेरी, परवानगीशिवाय हलायचे नाही. मी सोलापूरचा. आमच्याकडे 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव आजही आहे. तिथे या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवत. माझे वडील गिरणीत होते. ते सांगायचे, खात्यातले कैकाडी सोबती पाळी सुटली की चहालाही थांबत नसत, हजेरी चुकली तर शिक्षा. दिवसभर बरोबरीने साचे चालवणारी माणसे संध्याकाळी गुन्हेगार म्हणून मोजली जात, याचा वडिलांना अखेरपर्यंत संताप होता. मलाही आहे.

हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्यातून सुटलेले ते विमुक्त. म्हणून विमुक्त भटका असेलच असे नाही. रामोशी पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करत एका जागी राहिले, तरी ते विमुक्तांत आहेत. या लोकांना अजूनही 'गुन्हेगार जमातीचे' म्हणणारे भेटतात. कृपा करून तो शब्द घरात मुलांच्या कानावर पडू देऊ नका.

दाखल्यापुरते सांगायचे तर महाराष्ट्रात 'विजा-अ'ला ३ टक्के आणि 'भज-ब'ला २.५ टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या याद्या वेगळ्या आहेत. शिवाय जिल्हाही पाहावा लागतो : कैकाडी आपल्या सोलापुरात विमुक्त आहेत, तर विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत. तेव्हा केंद्राच्या परीक्षेचा अर्ज भरताना राज्याचा दाखला पाहून रकाना भरू नका. केंद्राच्या यादीत आपली जात कुठे आहे ते आधी तहसील कार्यालयात विचारा आणि त्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून घ्या.