बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियमला पहिल्यांदा जातोयस ना?

अरे, हॉकी ईस्टच्या (अमेरिकन कॉलेजांच्या आइस हॉकी संघांचा एक गट, म्हणजे कॉन्फरन्स) उपांत्य फेरीचं तिकीट काढलंस ते झकास. सॅक मात्र खोलीवरच ठेव, टीडी गार्डनमध्ये आत सोडत नाहीत. नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच स्टेडियम आहे, त्यामुळे मेट्रोच्या ग्रीन किंवा ऑरेंज लाइनने ये.

जागा वरची असली तर उत्तम. मैदानाभोवतीच्या काचेला नाक लावून बसलास की खेळाडू धडकताना दिसतात, खेळ दिसत नाही. पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) सुरुवातीला नजरेत येणारच नाही. त्याच्यामागे डोळे पळवू नकोस, खेळाडूंच्या खांद्यांचा रोख बघ. शेवटच्या दोनेक मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलकीपरला बाहेर काढून जादा खेळाडू उतरवतो. तेव्हा चहा-कॉफीला उठलास तर बस बोंबलत!

बरोबरी झाली तर शूटआउट नाही. वीस-वीस मिनिटं जादा खेळ, गोल होईस्तोवर. शेवटची ट्रेन किती वाजता, ते आधीच बघून ठेव.

आणि ही पोरं एवढा जीव का टाकतात? एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) राष्ट्रीय स्पर्धेतल्या १६ संघांत सहा जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या; उरलेल्या दहा हंगामभराच्या कामगिरीवर. ज्यांचा हंगाम वाया गेलाय, त्यांना कॉन्फरन्स जिंकणं हा एकच दरवाजा. मी तर त्यांच्याच बाजूने ओरडतो.

जॅकेट विसरू नकोस.